१ जुलै १९५२, मंगळवार : बीबीसी रेडिओचा एक दिवस

लांबलहर

जुन्या रेडिओची आवड असणाऱ्यांसाठी हा धागा. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात १९२३ पासून छापून आलेल्या कार्यक्रमपत्रिका बीबीसीने 'जिनोम' नावाच्या संकेतस्थळावर खुल्या करून ठेवल्या आहेत. कुठलीही तारीख टाका, कोणत्या स्टेशनवर किती वाजता काय होतं ते समोर येतं. मी त्यात तासन् तास रमतो. एखादा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत इथे मांडावा असं बरेच दिवस मनात होतं. नेमकी हीच तारीख का, ते रात्रीच्या कार्यक्रमांपाशी पोचलो की कळेल. तोवरचा दिवस रोज ठरल्या वेळी लागणाऱ्या कार्यक्रमांवरून रचला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. युद्ध संपून सात वर्षं झाली तरी रेशन चालूच होतं. चहा, साखर, मटण, अगदी मुलांच्या गोळ्या-चॉकलेटंसुद्धा कूपनावर. सहावा जॉर्ज फेब्रुवारीत गेला होता आणि नव्या राणीचा राज्याभिषेक अजून व्हायचा होता. लंडनची शेवटची ट्राम त्याच आठवड्यात, ५ जुलैला धावली. घराघरात होता तो रेडिओ. १९५० साली देशात सव्वा कोटीच्या आसपास परवाने होते आणि त्यात टीव्हीचे साडेतीन लाखांच्या आत. रेडिओच्या परवान्याला वर्षाला एक पौंड पडायचा. त्यावर बीबीसीचा कारभार चालायचा. जाहिराती नव्हत्या, आणि देशात दुसरं स्टेशनही नव्हतं.

बीबीसीची स्वतःची मात्र तीन होती. होम सर्व्हिसवर बातम्या, नाटकं, भाषणं आणि शाळांचे कार्यक्रम. तिच्या प्रादेशिक शाखा होत्या, त्यामुळे वेल्समध्ये वेल्श भाषा ऐकू यायची. लाइट प्रोग्राम १५०० मीटर लांब लहरीवर, गाणी आणि करमणुकीचा. आणि १९४६ साली निघालेला थर्ड प्रोग्राम, फक्त संध्याकाळी सहानंतर, अभिजात संगीत, कविता आणि विद्वानांच्या भाषणांसाठी. महासंचालक सर विल्यम हेली यांची कल्पना अशी की श्रोत्याने हळूहळू लाइटवरून होमवर आणि होमवरून थर्डवर चढत जावं. पत्रिका वाचताना माझं लक्ष मात्र या चढणीपेक्षा घड्याळाकडे जातं. दिवसाच्या कुठल्या वेळी घरात कोण असेल, कारखान्यात कोण, शाळेत कोण, याचा इतका बारीक विचार करून आखलेलं वेळापत्रक मी दुसरं पाहिलेलं नाही.

सकाळी होम सर्व्हिस आधी उघडायची. हवामान, सात आणि आठच्या बातम्या, मध्ये आठला दहा कमी असताना पाच मिनिटांचं प्रार्थनापर चिंतन. तासाला ग्रिनिचचे सहा ठोके. तेव्हा सहाही एकाच लांबीचे असत. शेवटचा लांबवला तो १९७२ मध्ये. नऊ वाजता लाइट प्रोग्राम सुरू होई. नवरा कामावर, मुलं शाळेत, भांडी मोरीत, आणि ९.१० ला 'हाउसवाइव्ज चॉइस'. बायकांनी पोस्टकार्डावर पाठवलेल्या फर्माइशी. सव्वादहाला होमवर रोजची प्रार्थनासभा, जी १९२८ पासून चालू आहे.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. यावर जरा थांबतो. जून १९४० मध्ये, डंकर्कहून सैन्य माघारी आल्यावर तीन आठवड्यांच्या आत हा कार्यक्रम सुरू झाला, दारूगोळ्याच्या कारखान्यांतली मरगळ घालवायला. अर्धा तास एकच बँड, थेट स्टुडिओतून, एकामागून एक धुना. निवेदक मध्ये बोलणार नाही. गायन जवळजवळ नाही, कारण यंत्रांच्या आवाजात शब्द कळत नाहीत. लय अचानक मंदावायची नाही, आवाज मध्येच खाली न्यायचा नाही, नाहीतर कर्ण्यापासून लांब उभ्या असलेल्या माणसाच्या कानात नुसती घरघर. टाळ्यांचा ठेका असलेलं एक अमेरिकन गाणं तर वर्ज्यच होतं. कामगार हातातले पाने बाकावर आपटून साथ देऊ लागले तर माल आणि हत्यारं दोन्ही खराब व्हायची. सुरुवातीला आणि शेवटी एरिक कोट्सची 'कॉलिंग ऑल वर्कर्स' ही कवायती धून. युद्ध संपलं तरी कार्यक्रम संपला नाही. १९५२ मध्ये तो सकाळी आणि दुपारी रोज लागायचा आणि पुढे १९६७ पर्यंत चालला.

अकराला 'मिसेस डेल्स डायरी' या मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास, आठवड्यातून काही दिवस, 'वर्कर्स प्लेटाइम'. नट, गायक आणि पियानो एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये नेऊन तिथूनच प्रक्षेपण. पावणेदोनला 'लिसन विथ मदर', शाळेत न जाणाऱ्या पिल्लांसाठी पंधरा मिनिटं. फोरे या फ्रेंच संगीतकाराची पियानोवरची अंगाईसारखी धून, मग बाईंचा आवाज: "नीट बसलात ना? मग मी सुरू करते." हे वाक्य पहिल्यांदा ज्युलिया लँग यांच्या तोंडून १९५० मध्ये आलं आणि त्या देशात एका पिढीला पाठ झालं. दोनला 'वुमन्स अवर'. म्हणजे मूल गोष्ट ऐकून झोपलं की आईचा तास सुरू. हे दोन कार्यक्रम पाठोपाठ ठेवणाऱ्याला दंडवत.

दुपारी होमवर शाळांचे कार्यक्रम, वर्गातल्या रेडिओसाठी. चारच्या सुमारास 'मिसेस डेल'चा नवा भाग. पाचला होमवर 'चिल्ड्रन्स अवर'. सहाला बातम्या. पावणेसातला लाइटवर 'द आर्चर्स' ही शेतकरी कुटुंबाची मालिका. रात्री नऊला होमवर बिग बेनचे ठोके आणि मुख्य बातम्या. मग नाटक, विनोदी कार्यक्रम, संगीतसभा. अकराला लाइटवर झोपण्यापूर्वीचं पुस्तकवाचन आणि बारा वाजता सगळं बंद.

आता या तारखेचं कारण. त्या संध्याकाळी थर्ड प्रोग्रामवर मायकेल व्हेंट्रिस नावाच्या, तिशीतही न पोचलेल्या वास्तुविशारदाचं भाषण झालं. क्रीटमधल्या नॉसस इथे आणि ग्रीसमधल्या पायलॉस इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची 'लिनिअर बी' लिपी पन्नास वर्षं कुणालाही वाचता आली नव्हती. या पाट्यांची भाषा ग्रीकच आहे, होमरपेक्षा सुमारे पाचशे वर्षं जुनी, असं त्याने त्या दिवशी प्रथमच जाहीर सांगितलं. शोधनिबंध नव्हे, विद्यापीठातलं व्याख्यान नव्हे, थेट रेडिओवर.

सकाळी फर्माइशी गाणी, दुपारी छोट्यांची गोष्ट, संध्याकाळी शेतकऱ्याचं घर आणि रात्री साडेतीन हजार वर्षांपूर्वीची लिपी. एकाच संस्थेचा, एका पौंडातला एक मंगळवार.

सिंधुलिपी

लांबलहरराव, तारीख अचूक निवडलीत. पुढची गोष्ट तितकीच सुंदर आहे. त्या भाषणाच्या श्रोत्यांत जॉन चॅडविक नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. जुन्या ग्रीक बोलींचा त्यांचा दांडगा अभ्यास, आणि युद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं कामही केलेलं. त्यांनी व्हेंट्रिसची मांडणी मिळवून स्वतः पडताळून पाहिली आणि ती पटल्यावर त्याला पत्र लिहिलं. तिथून दोघांचं काम एकत्र सुरू झालं. व्हेंट्रिसला ग्रीक बोलींच्या इतिहासाचा जाणकार हवाच होता, तो रेडिओने मिळवून दिला. १९५६ मध्ये दोघांचा मोठा ग्रंथ आला, पण त्याच सप्टेंबरात व्हेंट्रिस मोटार अपघातात गेला. वय ३४.

त्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. कोणतं चिन्ह शब्दाच्या सुरुवातीला जास्त येतं, कोणती चिन्हं फक्त शेवटच्या अक्षरात एकमेकांच्या जागी येतात, याचे तक्ते त्याने वर्षानुवर्षं केले. त्यावरून कुठल्या चिन्हांत व्यंजन समान असेल आणि कुठल्यांत स्वर, हे उच्चार माहीत नसतानाच ठरवलं. आपली बाराखडी डोळ्यांसमोर आणली तर मराठी माणसाला हे चटकन उमजेल. भाषा इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कनच्या जवळची निघेल असं त्याला कित्येक वर्षं वाटत होतं. पुरावा ग्रीककडे वळला तेव्हा तोही वळला.

मृद्गंधा

वा, काय धागा आहे! मी लीड्सला राहते. आमच्या शेजारच्या आजी नव्वदीच्या पुढे आहेत. लहानपण यॉर्कशरच्या खेड्यात गेलं, तिथे वीज उशिरा आली. वीज नसताना रेडिओ कसा चालायचा, हे त्यांच्याकडून ऐकलंय ते लिहिते.

व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन प्रकारची बॅटरी लागायची. एक मोठी कोरडी, ती काही महिने टिकायची. दुसरी म्हणजे अॅक्युम्युलेटर, काचेची चौकोनी बरणी, आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. ही आठवड्याभरात उतरायची. घरात अशा दोन बरण्या. एक रेडिओला जोडलेली, दुसरी गावातल्या सायकलवाल्याकडे चार्जिंगला. शनिवारी मुलांनी उतरलेली बरणी न्यायची आणि भरलेली आणायची. वर तारेची मूठ असे. हेलकावा बसला की आम्ल बाहेर येऊन कपड्याला भोक, म्हणून हात अंगापासून लांब धरून चालायचं. त्यामुळे रेडिओ दिवसभर लावून ठेवायची चैन नव्हती. आठवड्याच्या सुरुवातीलाच पत्रिकेवर पेन्सिलीने खुणा केल्या जायच्या. आजींच्या वडिलांची खूण बातम्यांवर, आईची 'मिसेस डेल'वर, मुलांची पावणेसातवर. भांडणं व्हायची ती याच खुणांवरून.

'मिसेस डेल'बद्दल थोडं. लंडनच्या उपनगरातल्या डॉक्टरची बायको रोजनिशी वाचतेय, असा मालिकेचा घाट. नवऱ्याची, जिमची, काळजी तिला सतत. मुलं मोठी झालेली, आई मिसेस फ्रीमन आणि तिचं कॅप्टन नावाचं मांजर, कामाला येणाऱ्या मिसेस मॉर्गन. विशेष काही घडायचं नाही, आणि तीच गोडी होती. जानेवारी १९४८ मध्ये सुरू होऊन ती १९६९ पर्यंत चालली.

बांधावरचा

शेतकरी या नात्याने 'द आर्चर्स'वर लिहिलंच पाहिजे. लोक तिला कौटुंबिक मालिका म्हणतात, पण तिचा जन्म शेतीविस्ताराच्या कामातून झाला. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला बीबीसीचे अधिकारी, कृषी खात्याची माणसं आणि शेतकरी यांची बैठक झाली. प्रश्न असा की शेतकऱ्यापर्यंत नवीन माहिती पोचवायची कशी? लिंकनशरच्या एका शेतकऱ्याने उठून सांगितलं, आम्हाला शेतीतला डिक बार्टन हवा. डिक बार्टन म्हणजे तेव्हाचा रेडिओवरचा हेर. पावणेसातला त्याची धडधडती धून लागली की रस्त्यावरची पोरं घरात पळायची. दीड कोटी श्रोते होते त्याला.

निर्माते गॉडफ्री बेसली यांनी ती सूचना मनावर घेतली. १९५० मध्ये मिडलंड्सपुरते काही भाग करून पाहिले आणि १ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर गेली. गंमत म्हणजे लिहिणारे तेच दोघे, एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब, जे डिक बार्टन लिहायचे. काही महिन्यांत बार्टन बंद झाला आणि त्याची पावणेसातची जागाही आर्चर्स कुटुंबाला मिळाली. ब्रुकफील्ड नावाचं शेत, म्हातारा डॅन आर्चर, बायको डोरिस, अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव. जनावरांचे रोग, दुधाचा हिशेब, घोड्याच्या जागी ट्रॅक्टर घ्यावा की नाही, हे सगळं स्वयंपाकघरातल्या बोलण्यात यायचं. देशात मटणावरचं रेशन जुलै १९५४ पर्यंत चाललं. अशा काळात उत्पादन वाढवायचा निरोप सरकारी पत्रकापेक्षा डॅनच्या तोंडून लवकर पोचला, यात मला नवल वाटत नाही. आमच्याकडे माहितीपत्रकांचे गठ्ठे कार्यालयात धूळ खात पडतात. शेजाऱ्याने बांधावर सांगितलेलं मात्र त्याच हंगामात केलं जातं.

मालिका अजून चालू आहे हेही सांगतो.

गिरणगाव

धागा आवडला, पण लांबलहर यांच्या एका सुराशी सहमत नाही. 'म्युझिक व्हाइल यू वर्क'चं इतकं कौतुक कशाला? कामगाराला संगीत मिळालं ते त्याने जास्त माल काढावा म्हणून. लय कुणाच्या सोयीची? कारखान्याच्या. कामगाराला काय आवडतं हे विचारून तो अर्धा तास आखला होता का? माझे वडील गिरणीत होते. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला कर्ण्यातून वाजणारा बँड म्हणजे आणखी एक आवाज, असं ते म्हणाले असते. 'वर्कर्स प्लेटाइम'चं तसं नाही. तिथे कलाकार कँटीनमध्ये येऊन समोर उभे राहायचे आणि कामगार हसले तर ते हसू देशभर ऐकू जायचं. तो खरा कामगारांचा कार्यक्रम.

लांबलहर

गिरणगाव, मुद्दा रास्त आहे. उत्पादन वाढवणं हाच मूळ हेतू होता आणि बीबीसीने तो कधी लपवला नाही. पण श्रोत्यांना काय वाटतं याची चौकशी मात्र नियमाने व्हायची. रॉबर्ट सिल्व्ही यांचा श्रोतृसंशोधन विभाग १९३६ पासून होता आणि युद्ध सुरू झाल्यावर रोज पाहणी होऊ लागली. माणसं रस्त्यात, दारात लोकांना गाठून काल काय ऐकलंत ते विचारायची. कारखान्यांतूनही कळवलं जायचं की कोणत्या बँडचा आवाज यंत्रांतून ऐकू येतो, कुणाचा नाही. आणि युद्ध संपल्यावर, सक्तीचं काही उरलेलं नसताना, हा कार्यक्रम बावीस वर्षं टिकला. घरात इस्त्री करणाऱ्या बायकाही तो ऐकायच्या.

आणखी एक, हे सगळं थेट वाजवलं जाई. रेकॉर्ड किती वेळ लावायच्या यावर रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांनी मर्यादा होती. त्यामुळे देशभरातल्या शेकडो वादकांना रेडिओवर रोजचं काम मिळत होतं. वादकही कामगारच, नाही का?

नगरकर_जुने

विनोदी कार्यक्रमांवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. १९५२ च्या त्या उन्हाळ्यात 'गून शो'ची दुसरी मालिका चालू होती. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम, मायकेल बेंटीन आणि लेखक-नट स्पाइक मिलिगन. हा मिलिगन आमच्या नगरचा! १६ एप्रिल १९१८ ला तेव्हाच्या अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात जन्मला. वडील ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात. बालपणाचा बराच काळ पुण्याच्या लष्कर भागात आणि नंतर रंगूनला. पंधराव्या वर्षाच्या आसपास इंग्लंडला गेला, तिथली थंडी आणि करडं आकाश त्याला कधी मानवलं नाही.

रेडिओवर काय करता येतं हे त्याच्याइतकं कुणी ताणून पाहिलं नसेल. चित्र दाखवायचं नसल्यामुळे काहीही घडवता येतं: एखादा माणूस पियानोत बसून समुद्र ओलांडतो, आणि आवाजांच्या जोरावर आपल्याला ते दिसतं. ध्वनिपरिणाम मनासारखा झाला नाही तर तो तंत्रज्ञांच्या डोक्यावर बसायचा. इतकं लिहिण्याचा ताण त्याच्या मनाला झेपला नाही. १९५२ च्या अखेरीस तो मनोविकाराने रुग्णालयात गेला आणि हे दुखणं आयुष्यभर राहिलं. आमच्या शहरात त्याचं नाव माहीत असलेली माणसं फार थोडी आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरा_स्लिप

जुलै १९५२ म्हणजे विजय हजारेंचा संघ तेव्हा इंग्लंडमध्येच होता! लॉर्ड्सची कसोटी २४ जूनला संपलेली. ७२ आणि १८४ धावा आणि पाच बळी. ती कसोटी आजही विनू मांकडच्या नावाने ओळखली जाते. त्याआधी ७ जूनला हेडिंग्लेवर दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद. पंकज रॉय, माधव मंत्री, विजय मांजरेकर, दत्ता गायकवाड. फ्रेड ट्रूमनची ती पहिली कसोटी. हजारे आणि फडकर उभे राहिले म्हणून थोडी तरी लाज राहिली. त्या काळी समालोचन दिवसभर नसे, मधूनमधून कार्यक्रमांच्या फटीत दिलं जाई. चेंडू न् चेंडू सांगायला सुरुवात १९५७ मध्ये झाली.

आणि जॉन अरलॉट! हॅम्पशरच्या बोलीतला तो जाडसर, संथ आवाज. मूळचा पोलीस, मग बीबीसीच्या पूर्व विभागात साहित्यविषयक कार्यक्रमांचा निर्माता. १९४६ मध्ये आपला संघ तिकडे गेला तेव्हा भारतातल्या श्रोत्यांसाठी सामने सांगायचं काम त्याला मिळालं. समालोचक म्हणून त्याची सुरुवात आपल्यासाठी बोलण्यातून झाली.

हुजूरपागा_माजी

पूर्व विभागाचं नाव निघालं म्हणून वेणू चितळे यांची आठवण करून देते. आमच्याच शाळेच्या. युद्धकाळात त्या लंडनला बीबीसीत होत्या, जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहायक. ऑर्वेल १९४१ ते १९४३ भारतासाठीच्या प्रसारणात काम करत होते. ते इंग्रजीत लिहीत ती बातमीपत्रं इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही जात आणि त्या मराठी कामात वेणूताईंचा हात होता. बीबीसीचं ते मराठी प्रसारण १९५८ अखेर बंद झालं. म्हणजे लांबलहर यांचा मंगळवार चालू होता तेव्हा त्याच संस्थेतून मराठी आवाजही हवेत जात होते.

खुली_लहर

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण एकच सूर लागतोय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक संस्था, तीन स्टेशनं, स्पर्धा शून्य. चौदा दिवसांचा नियम घ्या. पार्लमेंटमध्ये पुढच्या पंधरवड्यात जो विषय येणार, त्यावर रेडिओवर चर्चा करायची नाही! म्हणजे लोकांना ज्याबद्दल ऐकायचंय नेमकं तेच नाही. हा नियम १९५६ च्या अखेरीस, सुएझ कालव्यावरच्या संघर्षाच्या धामधुमीत उठला. विनोदी लेखकांसाठी एक नियमपुस्तिका होती. त्यात संडास, मधुचंद्राची जोडपी, बायकांचे आतले कपडे, ससे, अशा विषयांवरच्या विनोदांना मनाई. आवाज बहुतेक उच्चभ्रू दक्षिणी वळणाचे. युद्धकाळात विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशरच्या उच्चारांत बातम्या वाचल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

मग तरुण काय करायचे? रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावायचे, १९५१ पासून २०८ मीटरवर. लहर ये-जा करायची, मध्येच आवाज बुडायचा, जाहिराती असायच्या, तरी रविवारी रात्री अकराला लोकप्रिय वीस गाण्यांचा कार्यक्रम ऐकायला पोरं पांघरुणात रेडिओ घेऊन बसायची. लोकांना काय हवं होतं ते यात दिसतं.

मृद्गंधा

खुली_लहर, उच्चारांचा मुद्दा अगदी मान्य. पण त्याच पिकल्स यांचा 'हॅव अ गो' १९४६ पासून लाइटवर होता. ते गावोगावच्या सभागृहांत जाऊन साध्या माणसांना स्टेजवर बोलवायचे, त्यांच्याच बोलीत गप्पा मारायचे आणि थोडं बक्षीस द्यायचे. खाणकामगार, धुणं धुणाऱ्या बायका, म्हातारे. आमच्या आजी सांगतात की रेडिओवर आपल्यासारखं बोलणारं माणूस त्यांनी पहिल्यांदा तिथे ऐकलं. म्हणजे बदल आतूनही होत होता, हळूहळू का होईना.

आणि रविवार दुपारची 'टू-वे फॅमिली फेव्हरिट्स' विसरू नका. एक निवेदक लंडनला, एक जर्मनीतल्या ब्रिटिश छावणीत, आणि सैनिक व घरच्यांच्या फर्माइशी दोन्हीकडून. जीन मेटकाफ लंडनहून बोलायच्या, क्लिफ मिशेलमोर हँबर्गहून. कामापुरती ओळख, तीही तारेवरून आलेल्या आवाजाची. १९५० मध्ये दोघांनी लग्न केलं.

लांबलहर

खुली_लहर, चौदा दिवसांच्या नियमाचं समर्थन मी करणार नाही, तो वाईटच होता. पण स्पर्धा नसल्यामुळे काय शक्य झालं तेही पाहा. थर्ड प्रोग्रामचे श्रोते कायम मूठभर. जाहिरातीवर चालणाऱ्या कुठल्या स्टेशनने संध्याकाळचे तास न वाचलेल्या लिपीला दिले असते? फ्रेड हॉइल यांनी मार्च १९४९ मध्ये विश्वाच्या उत्पत्तीवर बोलताना 'बिग बँग' हा शब्दप्रयोग याच स्टेशनवर पहिल्यांदा केला. आणि तोही ते ज्याच्या विरोधात होते त्या सिद्धान्तासाठी. पुढच्या वर्षी त्यांची विश्वावरची व्याख्यानमाला इतकी गाजली की ती होम सर्व्हिसवर पुन्हा लावली. थर्डवरची गोष्ट लाखोंपर्यंत पोचली ती अशी.

सिंधुलिपी

आणि हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. नारळीकर स्वतः आयुष्यभर मराठीतून सामान्य वाचकांसाठी लिहीत आणि बोलत राहिले. गुरूचा तो वारसा त्यांनी पुरेपूर चालवला असं मला वाटतं.

कोळीवाडा

समुद्रावरच्यांना काय होतं हो त्या दिवशी? हवामान सांगायचे का?

लांबलहर

कोळीवाडा, बरं विचारलंत. लाइट प्रोग्रामवर जहाजांसाठीचं हवामान रोज ठरलेल्या वेळी लागायचं. ते लाइटवरच असायला कारण होतं: १५०० मीटरची लांब लहर समुद्रावर खूप दूरवर पोचते, मध्यम लहर पोचत नाही. किनाऱ्याभोवतालच्या समुद्राचे विभाग पाडलेले. फोर्टीज, डॉगर, हंबर, टेम्स, डोव्हर, वाइट, पोर्टलंड, प्लिमथ. प्रत्येक विभागाचा वारा कुठून, किती जोराचा, पुढे काय आणि किती अंतरापर्यंत दिसेल, या क्रमाने. वाचणाऱ्याने घाई करायची नाही, कारण बोटीवरचा माणूस ऐकत ऐकत लिहून घेत असतो. वादळाचा इशारा आला तर चालू कार्यक्रम थांबवून आधी तो दिला जाई. ६ फेब्रुवारीला राजा गेला, सव्वाअकराला जॉन स्नॅग यांनी बातमी सांगितली आणि नेहमीचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. त्या दिवशीही बातम्या आणि जहाजांचं हवामान चालू ठेवलं होतं.

बांधावरचा

यातलं काही आज ऐकायला मिळतं का?

लांबलहर

फार थोडं. बहुतेक कार्यक्रम थेट जायचे आणि ध्वनिमुद्रण महाग, त्यामुळे निवडक तेवढंच तबकड्यांवर ठेवलं गेलं. 'म्युझिक व्हाइल यू वर्क'चे हजारो अर्धे तास हवेत विरले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. 'गून शो'चे नंतरच्या वर्षांतले भाग बरेच आहेत. पुढच्या धाग्यासाठी २२ सप्टेंबर १९५५ घ्यावा म्हणतो. त्या संध्याकाळी लंडनला आयटीव्ही हे जाहिरातींवर चालणारं टीव्ही स्टेशन सुरू झालं आणि नेमक्या त्याच संध्याकाळी 'द आर्चर्स'मध्ये तबेल्याला आग लागून ग्रेस आर्चर मेली. बीबीसीच्या फोनलाइनी तुंबल्या, लोकांनी खरोखरीचं सुतक पाळावं तसं केलं. बांधावरचा, त्या भागाबद्दल तुम्हीच लिहा. नगरकर, मिलिगनच्या पुण्यातल्या दिवसांवर तुमच्याकडे आणखी असेल तर इथेच टाका.